दारूखाना आणि गोदाम : धोकादायक मालाच्या साठवणीचे नियम व पडघ्याचा परिसर

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील पडघा हे गाव जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोहमार्ग कल्याणहून वाशिंदला (१८५५) आणि तेथून पुढे कसाऱ्याला (१८६१) गेला, तेव्हा पडघा त्यापासून बाजूस पडले. घाटमाथ्यावरून उतरणारा आणि बंदराकडे जाणारा माल लोहमार्गाने नेला तरी रस्त्याची वाहतूक संपली नाही, व पडघा हे रस्त्याचे गाव म्हणूनच टिकून राहिले. भाताची खाचरे, माळावरचे गवत आणि रस्त्यालगतचा बाजार असे त्याचे रूप दीर्घकाळ होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून हे रूप झपाट्याने पालटले. भिवंडीभोवतीच्या खाडीकाठच्या गावांतून सुरू झालेली गोदामांची रांग आग्रा रस्त्याने वडप्याकडे व तेथून पडघ्याकडे सरकत आली, आणि ज्या माळावर गवताच्या गंजी रचल्या जात तेथे पत्र्याच्या छपरांची विस्तीर्ण बांधकामे उभी राहिली.

या गोदामांत येणारा बहुसंख्य माल निरुपद्रवी असतो. परंतु रंग, द्रावके, रसायने, प्लास्टिक, कापूस व कापड, सुगंधी द्रव्ये, दाबाखाली भरलेले डबे असा जो माल येथे अधूनमधून साठविला जातो, त्याचे स्वरूप निराळे आहे. अशा मालाच्या साठवणीसंबंधी या प्रदेशात कोणते नियम झाले, ते कोणी व कोणत्या हद्दीसाठी केले, आणि ते पडघ्यासारख्या गावापर्यंत येईतो त्यांच्यात कोणता पालट झाला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. इतिहासाबरोबरच शब्दांची साक्षही येथे काढावी लागेल. कारण नियम हा अखेर शब्दांचा बनलेला असतो, आणि या बाबतीत काही शब्दांनी जे सांभाळले ते दुसऱ्या शब्दांनी सोडून दिलेले दिसते.

साठवणीच्या जागेला मराठीत चार शब्द विशेष रूढ आहेत. 'कोठार' हा संस्कृत 'कोष्ठागार' या शब्दापासून आलेला असून त्याचा संबंध मुख्यत्वे धान्याशी आहे. 'वखार' हा शब्द लाकूड, कोळसा, गवत, भुसार यांच्या जागेस लागतो. सुरतेस व राजापुरास परदेशी व्यापाऱ्यांनी घातलेल्या ठाण्यांनाही मराठी कागदांत तोच शब्द आहे. 'दारूखाना' हा शब्द फारसी घडणीचा. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. त्यावरून तोफांत व बंदुकांत घालावयाच्या औषधास, म्हणजे सोरा-गंधक-कोळशाच्या मिश्रणास, ते नाव मिळाले. मराठीत पुढे मद्य हाच या शब्दाचा अर्थ व्यवहारात बळावला. तथापि 'दारूगोळा', 'दारूकाम', 'शोभेची दारू' या शब्दांतून जुना अर्थ अजून जिवंत आहे. चौथा शब्द 'गोदाम' किंवा 'गुदाम' हा बंदरांच्या व्यापारातून आला. मलय भाषेतील 'गुदंग' व पोर्तुगीजांनी केलेले त्याचे रूपांतर यांच्याशी त्याचे नाते स्पष्ट आहे. मूळ दक्षिण भारतीय भाषांत असावे की काय याविषयी मतभेद आहेत, पण तो वाद येथे अप्रस्तुत होय.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पहिले तीन शब्द कमीअधिक प्रमाणात आत काय आहे ते सांगतात. दारूखाना म्हटले की आत दारू आहे हे नावातच येते. गोदाम हा शब्द मात्र याविषयी पूर्ण मौन पाळतो. त्यात सुती ठाणे असोत की क्लोरिनच्या नळकांड्या असोत, शब्द तोच राहतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे मौन सोयीचे असते, कारण आज आत असलेला माल उद्या नसतो. नियमाच्या दृष्टीने ते किती सोयीचे आहे, हा प्रश्न निराळा.

जुन्या नियमांकडे वळल्यास प्रथम शिवकालीन एक पत्र डोळ्यांपुढे येते. इ. स. १६७३ च्या मे महिन्यातील म्हणून मानले गेलेले हे पत्र चिपळूण भागात छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस शिवाजी महाराजांनी लिहिलेले आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या ताकिदीसाठी ते सर्वांस परिचित आहे. परंतु त्याचा मोठा भाग साठवणीच्या आगीविषयी आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. पावसाळ्यासाठी घोड्यांचे गवत व दाणा साठविलेला असे. त्या गवताजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढण्यासाठी विस्तव नेईल, वाऱ्याने ठिणगी जाईल, रात्री दिवा तसाच राहिल्यास उंदीर जळती वात ओढून नेईल, आणि एका गंजीची आग सर्व छावणीस लागेल, अशी कारणपरंपरा त्यात तपशिलाने मांडली आहे. आग लागून गेल्यावर कोणास कितीही कठोर शासन केले तरी गेलेले गवत व लाकूड परत उभे राहत नाही, हा विचारही त्यात स्पष्ट आहे. प्रशासकाने उंदराचा विचार करावा, ही गोष्ट आजच्या नियमावल्या वाचणाऱ्यास थोडी नवलाची वाटेल. परंतु आगीचे कारण बहुधा अशाच क्षुद्र ठिकाणी असते.

गवत हा येथील पहिला धोकादायक माल होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ठाणे जिल्ह्यातून मुंबईच्या तबेल्यांकडे जाणारे गवत ही विसाव्या शतकापर्यंत या भागाची एक महत्त्वाची उपज होती, आणि दाबून बांधलेल्या गवताच्या गठ्ठ्यांची वखार ही आगीची जागा म्हणून प्रत्येक गावास ठाऊक होती.

या पत्रानंतर सुमारे चार दशकांनी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांच्या प्रकरणात दारूखान्याविषयी स्वतंत्र विधान आहे. शास्त्रीय नियमाचे जवळजवळ सर्व घटक त्यात सापडतात. दारूखाना घराजवळ असू नये. इतकेच नव्हे, तर घराच्या वाऱ्याच्या रोखातही असू नये. सदरेपासून तो अंतरावर असावा. भोवती निर्गुडी वगैरे झाडांचे दाट कुंपण असावे. आत तळघर असावे, त्यास गच्ची करावी, जमिनीवर माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावी. बाण, हुक्के इत्यादी तयार अस्त्रे त्यांच्याबरोबर न ठेवता मधल्या घरात वेगळी ठेवावी. सर्दी लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन सर्व माल बाहेर काढून त्यास ऊन द्यावे व पुन्हा मुद्रा करून ठेवावे. रात्रंदिवस जागते पहारेकरी असावेत आणि परवानगीवाचून कोणी जवळ फिरकू नये.

यात अंतर आहे, वाऱ्याची दिशा आहे, कच्चा माल व तयार अस्त्र यांचे विभाजन आहे, ठराविक मुदतीने करावयाची तपासणी आहे, आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदही निश्चित केलेले आहे. एक गोष्ट मात्र नाही. किती दारू असल्यास हा नियम लागू, याचा उल्लेख नाही. मडके एक असो वा शंभर, ते घराच्या वाऱ्यात ठेवावयाचे नाही. नियम मालाच्या जातीस लागू आहे, मात्रेस नाही. पुढील विवेचनात हा भेद महत्त्वाचा ठरेल.

या विचारास त्याहून प्राचीन परंपराही आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त नागरकाच्या कर्तव्यांत उन्हाळ्यातील दुपारी विस्तवाचा निषेध, प्रत्येक घरी पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा ठेवण्याची सक्ती, आणि अग्नीवर उपजीविका करणाऱ्या कारागिरांस एका जागी वसविण्याची आज्ञा आहे. परंतु तेथील दृष्टी घराच्या आगीची आहे, साठ्याची नाही.

मुंबईत या दोन दृष्टी एकत्र आल्या. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटाच्या आतील दाट वस्तीस लागलेली आग किल्ल्यातील दारूगोळ्याच्या दिशेने सरकू लागली, तेव्हा ती अडविण्यासाठी तोफा लावून मधली घरे पाडावी लागली. त्यानंतर देशी वस्ती व बाजार कोटाबाहेर हलविण्यास वेग आला. आधी घरे आणि दारूखाना एकमेकांशेजारी येऊ द्यावयाचे, व मग तोफेने अंतर निर्माण करावयाचे, असा हा प्रकार होता. आज्ञापत्राचा नियम पाळला न गेल्यास काय होते याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधूनही मिळणार नाही. पूर्व किनाऱ्यावर माझगावनजीकचा जो भाग आजही 'दारूखाना' या नावाने ओळखला जातो, तेथे आता दारू नाही. जुनी जहाजे मोडण्याच्या आणि भंगार लोखंडाच्या धंद्याने त्या जागेची ओळख झाली. पण दारूचा साठा वस्तीपासून दूर, पाण्याच्या कडेला ठेवण्याची जुनी व्यवस्था त्या नावात गोठून राहिली आहे. आज ती जागा शहराच्या अगदी आत आहे. शहर वाढले की कालचे बाहेर हे आजचे आत होते, ही गोष्ट पडघ्याच्या संदर्भातही विसरता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयावर विधिमंडळांचे लक्ष गेले. १८८४ मध्ये स्फोटक द्रव्यांचा अधिनियम झाला. १८८६ मध्ये खनिज तेलाचा. राॅकेल त्या सुमारास डब्यांतून घरोघरी पोहोचू लागले होते, आणि जे द्रव्य एकेकाळी फक्त गडावर असे त्याच्या तोडीचे ज्वालाग्राही द्रव्य आता प्रत्येक वाण्याच्या दुकानी आले होते. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमातील कलम ३९४ ने ठराविक वस्तू परवान्यावाचून ठेवण्यास मनाई केली व त्या वस्तूंची यादी अनुसूचीत दिली. ही यादी म्हणजे दारूखाना या शब्दाचा विस्तारच होय. कारण तीत एकेका मालाचे नाव घेतलेले आहे. ज्याचे नाव यादीत आहे त्यास परवाना लागतो, ज्याचे नाही त्यास लागत नाही. परंतु या यादीस एक भौगोलिक कड होती. ती कड महापालिकेच्या हद्दीची होती.

नावाकडून मोजमापाकडे जाण्याचा प्रवास खनिज तेलाच्या कायद्यात उत्तम दिसतो. १९३४ च्या अधिनियमात तेलाचे 'धोकादायक' व 'बिनधोक' असे भेद मुळात होते, आणि ज्याची वाफ ७६ अंश फॅरनहाइटच्या खालीच पेट घेते ते धोकादायक, अशी व्याख्या होती. पुढे या शब्दांची जागा अ, ब, क या वर्गांनी घेतली : २३ अंश सेल्सिअसच्या खाली ज्वलनबिंदू असलेले ते अ, २३ ते ६५ पर्यंतचे ब, ६५ ते ९३ पर्यंतचे क. शास्त्रीय अचूकतेच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह होय. भाषेच्या दृष्टीने मात्र काहीतरी गमावले गेले. 'धोकादायक' हा शब्द हमालासही कळतो. 'अ वर्ग' हे कळण्यास कायदा वाचावा लागतो.

त्याच अधिनियमात परवान्यावाचून ठेवता येण्याजोग्या मात्रा आहेत. अ वर्गाचे तेल विक्रीसाठी नसल्यास ३० लिटरपर्यंत, ब वर्गाचे २,५०० लिटरपर्यंत (मात्र एका पात्रात १,००० लिटरहून अधिक नाही), आणि क वर्गाचे ४५,००० लिटरपर्यंत परवान्याविना ठेवता येते. प्रत्येक घरच्या राॅकेलाच्या बाटलीस परवाना मागणे शक्य नव्हते, म्हणून मात्रेची मर्यादा अपरिहार्यच होती. दोष मर्यादा घालण्यात नाही. परंतु मर्यादा घातली की तिच्या खाली राहण्याची कला निर्माण होते, हे कोणत्याही कराचा इतिहास सांगू शकेल.

या संपूर्ण परंपरेची सर्वांत मोठी व भीषण परीक्षा १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झाली. 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज सुमारे १,४०० टन स्फोटके घेऊन आले होते. कराचीस त्याच्यात कापसाचे गठ्ठे, तेलाची पिंपे, लाकूड, गंधक इत्यादी माल भरण्यात आला. युद्धपूर्व शिरस्त्याप्रमाणे स्फोटके आणणाऱ्या जहाजास गोदीत प्रवेश नसे. माल बाहेर खाडीतच लहान नौकांवर उतरवून घ्यावा लागे. युद्धाच्या घाईत हा शिरस्ता सैल करण्यात आला होता. दुपारी कापसातून धूर निघू लागला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, व त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून मोठा. मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. येथे अंतराचा नियम मोडला होता, विभाजनाचा नियमही मोडला होता. कापूस व स्फोटके एकाच पोटात होती. आज्ञापत्राने दारूची मडकी व बाण एकत्र ठेवू नयेत असे म्हटले, त्याच्या मागचे तत्त्व हेच. पहिला माल पेटतो, दुसरा फुटतो. दोन्ही वेगळे असल्यास एकाची आग विझविता येते.

२०२० साली ४ ऑगस्टला बैरूटच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा जो स्फोट झाला, त्यातही साठा शहराला लागून असलेल्या बंदरातील गोदामात जवळजवळ ६ वर्षे पडून होता, व त्याचे अस्तित्व कागदोपत्री पुष्कळांस माहीत होते. दोन प्रसंगांत ७६ वर्षांचे अंतर आहे; तत्त्वतः अंतर नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील कायद्यांनी धोक्याकडे प्रामुख्याने कारखान्याच्या चौकटीतून पाहिले. १९४८ चा कारखाने अधिनियम 'उत्पादन प्रक्रिया' या कल्पनेवर उभा होता. नुसती साठवण ही उत्पादन प्रक्रिया नव्हे. अपवाद एकच : शीतगृहात माल राखणे ही क्रिया व्याख्येत नावाने घातलेली होती. म्हणजे बटाटे थंड जागेत ठेवले तर कारखाने निरीक्षक येऊ शकत असे. पण निव्वळ साठवणीच्या गोदामात द्रावकाची पिंपे ठेवली तर, केवळ तेवढ्या कारणाने, येत नसे. हा विरोधाभास विधिकारांच्या मनात खचितच नव्हता. शीतगृहातील यंत्रे व अमोनिया ही त्यांची चिंता होती. परंतु व्याख्येबाहेर जे राहिले ते राहिलेच.

भोपाळच्या वायुकांडाने (डिसेंबर १९८४) ही चौकट हादरली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९८९ मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांविषयी नियम झाले. या नियमांचे महत्त्व असे की, त्यांत कारखान्यापासून अलग असलेल्या साठवणीस प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. साठ्याची सूचना देणे, सुरक्षेचा अहवाल करणे, संकटकाळची योजना आखणे, आणि कुंपणाबाहेरच्या ज्या लोकांस अपघाताची झळ पोहोचू शकेल त्यांना धोक्याचे स्वरूप कळविणे, ही कर्तव्ये भोगवटादारावर आली. शेवटचे कर्तव्य विशेष होय. गावकऱ्यास आपल्या शेजारी काय आहे हे जाणून घेण्याचा अधिकार, प्रथमच, नियमाच्या भाषेत उतरला.

परंतु हा सर्व भार ठराविक मात्रेनंतर पडतो. क्लोरिनसाठी अलग साठवणीची खालची मर्यादा १० टन व वरची २५ टन. अमोनियासाठी ६० व ६००. बऱ्याच कर्तव्यांस वरची मर्यादा ओलांडावी लागते. नियमकारांस तुकडे पाडण्याची युक्ती ठाऊक नव्हती असे नाही. कारखान्यांतील रसायनांच्या अनुसूचीत त्यांनी असे म्हटले की, एकाच भोगवटादाराच्या मांडण्या एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत असल्यास त्यांतील मात्रा एकत्र धराव्या. येथे अंतराचा जुना विचार पुन्हा डोके वर काढतो, पण त्याच्या गळ्यात 'एकाच भोगवटादाराच्या' ही अट अडकविलेली आहे.

पडघा व भिवंडीच्या परिसरात या अटीचा अर्थ काय होतो ते पाहिले पाहिजे. येथील गोदामसंकुल म्हणजे एका छपराखाली किंवा एका कुंपणात ओळीने असलेले गाळे. जमीन एकाची, बांधकाम दुसऱ्याचे, भाडेकरू अनेक, आणि कित्येकदा माल त्या भाडेकरूंचाही नसून त्यांच्या ग्राहकांचा. प्रत्येक गाळ्याचा भोगवटादार वेगळा. दहा गाळ्यांत मर्यादेखालचा माल असल्यास कायद्याच्या हिशेबी ते दहा लहान साठे. आगीच्या हिशेबी तो एक मोठा साठा. ज्वाला भाडेपट्टा वाचत नाही. आज्ञापत्रातील नियम मात्रेवर अवलंबून नसल्याने त्यास ही अडचण भासली नसती. अर्थात त्यास शेकडो गाळ्यांच्या संकुलाची कल्पनाही नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. इमारतीत अग्निशमनाची साधने बसविणे व ती चालू स्थितीत राखणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी असून, वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे आहे. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी यावे, या जुन्या नियमाचा हा आधुनिक अवतार. फरक इतकाच की हवालदार राज्याचा नोकर होता व स्वतः येत असे. येथे प्रमाणपत्र मालकाने नेमलेल्या संस्थेकडून यावयाचे आहे.

इमारतींचे वर्ग करताना राष्ट्रीय बांधकाम संहितेने सामान्य साठवणीच्या इमारती एका वर्गात व धोकादायक इमारती दुसऱ्या वर्गात घातल्या आहेत. अतिशय वेगाने जळणारा, स्फोटक, विषारी किंवा दाहक माल ज्या इमारतीत आहे ती दुसऱ्या वर्गात जाते. या भेदाचा पाया बांधकामात नाही, मालात आहे. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात. म्हणजे नियम कोणता लागू होईल हे आत कोणता माल आहे यावर ठरते. आणि बांधकामास परवानगी मागितली जाते तेव्हा आत अद्याप काहीच नसते. जमिनीच्या अकृषिक वापराची परवानगी निवासी, औद्योगिक, वाणिज्यिक अशा वर्गांत विचार करते. त्या वर्गवारीचा विषय जमीन आहे, माल नव्हे. 'गोदाम' हा मौनी शब्द येथे सर्वांच्याच कामी येतो.

हद्दीचा प्रश्न याहून जुना आहे. भिवंडीच्या परिसरात गोदामे का आली याचे उत्तर बहुतांशी हद्दीतच आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल ठेवावा व लागेल तसा आत न्यावा, हे व्यापाऱ्यास परवडत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला व मुंबईची जकात संपली. पण तोवर गोदामे उभी राहिली होती, रस्ते त्यांच्याकडे वळले होते, आणि मागणी कमी न होता वाढली. १९८३ च्या एका अधिनियमाने मुंबईतील लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीस नेण्याची तरतूद केली होती; कांदा-बटाट्याचा व धान्याचा घाऊक बाजारही नव्या मुंबईत योजनापूर्वक गेला. भिवंडीकडे आलेल्या मालास असे कोणत्याही एका कायद्याने हलविले नाही. त्याला जकातीने, भाड्याने आणि रस्त्याने हलविले. म्हणून त्याच्या मागोमाग बाजार आला, पण बाजाराची व्यवस्था आली नाही.

शहराच्या यादीत नाव असलेली वस्तू शहराबाहेर ठेवली की ती यादी संपते. बाहेर जे असते ते गाव असते. १९५८ च्या अधिनियमाखालील ग्रामपंचायत घरपट्टी आकारू शकते, आणि गोदामांमुळे तिच्या उत्पन्नात भर पडते; परंतु तिच्या सेवकवर्गात अग्निशमन अधिकारी नसतो, आणि ज्वलनबिंदू मोजण्याचे साधनही नसते. केंद्राची स्फोटकविषयक संघटना, जिचे मुख्य कार्यालय नागपुरास आहे, परवाना मागणाऱ्याकडे पाहते; न मागणाऱ्याचा पत्ता तिला गावानेच कळवावा लागेल. गाव तो कसा कळविणार? आत काय आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. त्या गोदामांत हमाली करणारे, रात्री पहारा करणारे व पुष्कळदा तेथेच निजणारे लोक त्याच गावचे किंवा दूरच्या प्रांतांतून आलेले असतात. आगीशी पहिली गाठ त्यांची पडते.

भिवंडी तालुक्यात गोदामांच्या आगी नव्या नाहीत. १२ मे २०२५ रोजी पहाटे वडपे येथील एका गोदामसंकुलास लागलेल्या आगीत वीसच्या आसपास गोदामे भस्मसात झाली. ओळीतील एका गाळ्याची आग ओळभर पसरते, हे अशा संकुलात वेगळे सिद्ध करावे लागत नाही. एका खणाची आग सर्व खणांस लागेल, हे चिपळूणच्या पत्रातील भाकीत गवताविषयी होते.

एक तपशील अखेरीस नोंदविला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर त्या मालाचे रासायनिक नाव, त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, धोक्याच्या वर्गाचे चौकोनी चिन्ह आणि संकटप्रसंगी कोणास कळवावे त्याचा दूरध्वनी क्रमांक ठळक लिहावा लागतो. चालकास त्या मालाचे शिक्षण घ्यावे लागते, आणि उपायांची लेखी पत्रिका त्याने जवळ बाळगावी लागते. आग्रा रस्त्याने पडघ्याकडे जाणाऱ्या अशा वाहनास अपघात झाल्यास, प्रथम धावून येणारा गावकरी, त्यास वाचता येत असल्यास, आत काय आहे ते वाचू शकतो. वाहन रस्ता सोडून संकुलाच्या फाटकातून आत जाते, पिंपे उतरविली जातात, वाहन रिकामे परतते. पिंपांवरील चिठ्ठ्या पिंपांवर असतात. गाळ्याच्या बाहेरच्या भिंतीवर गाळ्याचा क्रमांक असतो, कधी भाडेकरूचे नाव असते. भिवंडीहून, कल्याणहून किंवा ठाण्याहून निघालेला बंब तेथे पोहोचतो तेव्हा पाणी मारावयाचे की फेस, हे त्या क्रमांकावरून ठरवावे लागते.